"कोअर डम्प्ड" म्हणतोय, मग फाइल गेली कुठे?

लिनक्सवर एखादा प्रोग्राम टर्मिनलमधून चालवला आणि तो मधेच मेला की शेवटी एक ओळ येते, "सेगमेंटेशन फॉल्ट (कोअर डम्प्ड)". ही ओळ वाचून माणूस फोल्डर उघडतो, तिथे कोअर नावाचं काहीच नसतं, मग होम फोल्डर बघतो, मग टेम्प बघतो, मग नेटवर शोधतो तर तिथली निम्मी उत्तरं जुन्यापुराण्या व्हर्जनची असतात, आणि शेवटी कंटाळून नाद सोडून देतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. कधीतरीच होणारा क्रॅश परत कधी होईल सांगता येत नाही, आणि तो झाला त्या क्षणी प्रोग्रामच्या मेमरीत काय होतं, कुठल्या फंक्शनमध्ये काम चालू होतं, कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आकडा होता, हे सगळं त्या एका फाइलमध्ये असतं. ती हातची गेली की मग "कधी कधी बंद पडतं हो" एवढंच सांगायला उरतं, आणि तेवढ्यावर कुठलाच डेव्हलपर काही करू शकत नाही.

गेल्या महिन्यात वाईहून एका मित्राचा फोन आला. तो जुने गावनकाशे आणि सर्व्हेचे कागद स्कॅन करतो, अतिशय निगुतीने, आणि त्यासाठी एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम वापरतो जो तिरपं स्कॅन सरळ करून देतो. हा प्रोग्राम उबुंटूच्या (तो वापरतो त्या लिनक्सच्या) पॅकेजमध्ये मिळत नाही, सोर्स उतरवून स्वतः कंपाइल करून टाकावा लागतो. बाकी सगळं नीट चालायचं, पण एक मोठा नकाशा उघडला की धाडकन बंद. त्याने डेव्हलपरला लिहिलं, तिकडून उत्तर आलं की बॅकट्रेस, म्हणजे मरताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं होतं त्याची यादी, पाठवा.

"अगं, कोअर डम्प्ड म्हणतोय पण फाइलच नाहीये कुठे. सगळा होम फोल्डर पालथा घातला."

"फाइल नंतर शोधू रे, आधी कोअर पॅटर्न काय म्हणतो ते वाचून दाखव."

इथूनच सुरुवात करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. प्रोग्राम मरतो तेव्हा डम्प, म्हणजे त्याच्या मेमरीची नक्कल, काढण्याचं काम कर्नल (लिनक्सचा गाभा) करतं आणि तो डम्प कुठे द्यायचा हे कर्नल एकाच ठिकाणी बघतं, /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न या फाइलमध्ये. ती नुसती कॅट कमांडने बघायची, रूटचे (ॲडमिनचे) अधिकार लागत नाहीत. त्यात साधं "कोअर" असं लिहिलेलं असेल तर जुनी पद्धत चालू आहे, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये उभा होता तिथेच कोअर नावाची फाइल पडेल. डेबियन लिनक्सवर वेगळा काही हँडलर, म्हणजे डम्प घेणारा प्रोग्राम, टाकलेला नसेल तर हेच दिसतं. पण ओळीची सुरुवात पाइपच्या उभ्या रेघेने होत असेल तर कर्नल फाइल लिहितच नाही, रेघेपुढे ज्या प्रोग्रामचं नाव आहे तो रूट म्हणून चालू करतं आणि सगळा डम्प त्याच्या इनपुटमध्ये ओततं. ही सोय कर्नल २.६.१९ पासून, म्हणजे २००६ पासून आहे, आणि आजकालच्या डेस्कटॉप लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी हीच वापरतात.

मित्राच्या मशीनवर पाइप होता आणि पुढे /युजर/शेअर/अपोर्ट/अपोर्ट, त्याच्यापुढे टक्क्यांच्या चिन्हांची रांग. त्या टक्क्यांना घाबरायचं कारण नाही, कर्नल त्यांच्या जागी खऱ्या किमती भरतं. टक्का पी म्हणजे प्रोसेस आयडी, टक्का एस म्हणजे कुठल्या सिग्नलने मेला तो नंबर (सेगमेंटेशन फॉल्ट असेल तर ११, प्रोग्रामने स्वतः अबॉर्ट केलं असेल तर ६), टक्का सी म्हणजे कोअर फाइलच्या साइजची मर्यादा, कॅपिटल ई म्हणजे प्रोग्रामचा पूर्ण पाथ. यातला टक्का सी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्न, फाइल नाही तर मग "कोअर डम्प्ड" का म्हणतो. हे वाक्य शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम, छापतं. प्रोग्राम मेला की कर्नल त्याच्या पेरेंटला, म्हणजे इथे शेलला, एक स्टेटस देतं, त्यात एक बिट असतो की डम्प दिला गेला की नाही, आणि तो बिट चालू दिसला की शेल कंसात ते दोन शब्द जोडतं, बास. शेलने फाइल बघितलेली नसते आणि कर्नलनेही डम्प फक्त पुढच्या माणसाच्या हवाली केलेला असतो. पोस्टमनने पार्सल दारात दिलं, सही घेतली, त्याच्या वहीत "पोचलं" अशी नोंद झाली, पुढे घरच्यांनी ते कपाटात ठेवलं की कचऱ्यात टाकलं हे त्या वहीत कसं सापडणार. म्हणून त्या ओळीवर विश्वास ठेवून फोल्डर शोधत बसण्यात अर्थ नाही, ज्याने पार्सल घेतलं त्याला विचारायचं.

उबुंटूवर घेणारा अपोर्ट असतो, ६.१० व्हर्जनपासून आहे तो. त्याचा हेतू चांगला आहे. उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजमधले प्रोग्राम क्रॅश झाले की त्याचा व्यवस्थित रिपोर्ट बनवायचा, पॅकेजचं व्हर्जन काय, कुठल्या लायब्ररी होत्या, डम्प, सगळं एकत्र करून /व्हार/क्रॅश फोल्डरमध्ये .क्रॅश फाइल ठेवायची आणि मग युजरला विचारून पुढे पाठवायचं. पण जो प्रोग्राम कुठल्याच पॅकेजचा नाही त्याचा रिपोर्ट उबुंटूवाले घेऊन करणार काय, म्हणून असे प्रोग्राम तो सोडून देतो. आणि हे तो लपवत नाही, /व्हार/लॉग/अपोर्ट.लॉग मध्ये सरळ लिहून ठेवतो. मी मित्राला ती फाइल उघडायला सांगितली, शेवटच्या ओळींमध्ये त्याच्या प्रोग्रामचा पाथ होता, सिग्नल ११ होता, आणि खाली इंग्रजीत वाक्य होतं की हे एक्झिक्युटेबल कुठल्याही पॅकेजचं नाही, दुर्लक्ष करतोय. वाचून तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे इथे लिहिलेलं होतं की सगळं!" होतंच. लॉग वाचायची सवय लागली की निम्मं काम तिथेच होतं, हे मी सगळ्यांना सांगत असते.

मग उपाय काय. तीन आहेत आणि तिन्ही मी वापरलेत.

पहिला, अपोर्टलाच सांगायचं की पॅकेजबाहेरचे प्रोग्रामसुद्धा घे. होम फोल्डरमध्ये .कॉन्फिग/अपोर्ट/सेटिंग्ज नावाची फाइल करायची, त्यात चौकटी कंसात मेन आणि खालच्या ओळीत अनपॅकेज्ड बरोबर ट्रू. मग क्रॅश झाला की /व्हार/क्रॅशमध्ये रिपोर्ट येतो, तो अपोर्ट-अनपॅक कमांडने एका रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवायचा, तिथे कोअरडम्प नावाची फाइल मिळते. ती .क्रॅश फाइल एडिटरमध्ये उघडून त्यातला बेस६४ चा ढीग बघून लोक हबकतात, तसं करायची गरज नाही, अनपॅकच करायचं.

दुसरा, ज्या टर्मिनलमधून प्रोग्राम चालवणार त्यात आधी युलिमिट -सी अनलिमिटेड द्यायचं, म्हणजे कोअर फाइलच्या साइजची मर्यादा काढून टाकायची. आता तो टक्का सी कामाला येतो. पाइप असताना कर्नल ही मर्यादा स्वतः लावत नाही, डम्प सगळाच्या सगळा पुढे देतं, पण मर्यादा किती होती ते अपोर्टला कळवतं, आणि ती शून्य नसेल तर अपोर्ट रिपोर्ट केला नाही तरी कोअर फाइल लिहून ठेवतो. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा मुळात शून्य असते, म्हणूनच काही मिळत नाही. आणि फाइल लिहिली तरी चालू फोल्डरमध्ये शोधू नका, अलीकडच्या उबुंटूमध्ये ती /व्हार/लिब/अपोर्ट/कोअरडम्प मध्ये जाते, नाव लांबलचक असतं, त्यात प्रोग्रामचा पाथ, युजर आयडी, बूट आयडी, प्रोसेस आयडी, वेळ असं सगळं गुंफलेलं असतं. नेटवरची जुनी उत्तरं "युलिमिट द्या, चालू फोल्डरमध्ये फाइल येईल" असं सांगतात आणि लोक तिथेच अडकतात.

अजून एक जागा जिथे भलेभले अडकतात. युलिमिट हे त्या शेलपुरतं आणि त्याच्या पोटातून सुरू होणाऱ्या प्रोग्रामपुरतंच असतं. टर्मिनलमध्ये युलिमिट दिलं आणि मग प्रोग्राम मेनूमधल्या आयकॉनवर क्लिक करून उघडला तर त्या क्लिकला तुमच्या टर्मिनलचं काही देणंघेणं नसतं, तो डेस्कटॉप सेशनकडून सुरू होतो आणि सेशनची मर्यादा घेऊन येतो. त्यामुळे टेस्ट करताना त्याच टर्मिनलमधून चालवायचं.

तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो, सिस्टमडी-कोअरडम्प. फेडोरा आणि आर्चवर तो आधीच असतो, उबुंटूवर पॅकेज टाकावं लागतं आणि ते टाकलं की डम्प घ्यायचं काम अपोर्टकडून याच्याकडे येतं, कारण कोअर पॅटर्नची ओळ एकच आहे, एका वेळी एकच जण डम्प घेऊ शकतो. हा कुठला प्रोग्राम कुठल्या पॅकेजचा असला भेदभाव करत नाही. डम्प कॉम्प्रेस करून /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्प मध्ये ठेवतो आणि नोंद जर्नलमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये) करतो. मग कोअरडम्पसीटीएल लिस्ट म्हटलं की झालेल्या सगळ्या क्रॅशची यादी येते, कधी, कोण, कुठला सिग्नल, आणि एक रकाना कोअरफाइलचा. हा रकाना नीट वाचा. तिथे प्रेझेंट असेल तर फाइल आहे. मिसिंग असेल तर नोंद राहिली पण फाइल साफसफाईत गेली, आधीच्या व्हर्जनमध्ये तीन दिवसांनी जायची, नंतर ती मुदत दोन आठवडे केली. ट्रंकेटेड असेल तर साइजच्या मर्यादेमुळे अर्धवट कापली गेली. नन असेल तर फाइल ठेवलीच गेली नाही, बहुतेक वेळा ती युलिमिटची शून्य मर्यादा इथेही आडवी आलेली असते. एका शब्दात निदान मिळतं, आणि अशी प्रामाणिक टूल्स मला फार जवळची वाटतात.

साइजची मर्यादा /इटीसी/सिस्टमडी/कोअरडम्प.कॉन्फ मध्ये असते. प्रोसेससाइजमॅक्स म्हणजे किती मोठ्या प्रोसेसचा डम्प हाताळायचा, एक्सटर्नलसाइजमॅक्स म्हणजे डिस्कवर किती मोठी फाइल ठेवायची, मॅक्सयूज म्हणजे सगळे डम्प मिळून किती जागा खाऊ शकतात, हे सांगितलं नाही तर डिस्कच्या १० टक्के. जुन्या व्हर्जनमध्ये पहिल्या दोन्हींचा डिफॉल्ट २ जीबी होता आणि आजकालचे ब्राउझर, फोटो एडिटर सहज त्याच्यावर जातात, त्यामुळे नेमका मोठ्या कामातला क्रॅशच हाती लागत नाही असं व्हायचं. मित्राच्या बाबतीत हे महत्त्वाचं होतं कारण त्याचे स्कॅन अवाढव्य असतात, म्हणून मी आधीच दोन्ही मर्यादा वाढवून घ्यायला सांगितल्या.

अजून एक गोष्ट सांगून पुढे जाते. काही जण थेट कोअर पॅटर्नमध्येच स्वतःचा पाथ लिहितात, सिस्कंट्रोल या कर्नल सेटिंग्जच्या फाइलमध्ये टाकून. पण उबुंटूवर अपोर्टची सर्व्हिस सुरू होताना ती ओळ परत स्वतःची करून टाकते, मग रीबूट केल्यावर "सेटिंग टिकत नाही" म्हणून डोकं फिरतं. तसं करायचंच असेल तर आधी अपोर्टची सर्व्हिस बंद करा. आणि डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, कोअर पॅटर्न सगळ्या मशीनला एकच असतो, कंटेनरला वेगळा नसतो, त्यामुळे आत कितीही शोधलं तरी डम्प बाहेर होस्टच्या हँडलरकडे गेलेला असतो.

तर मित्राने पॅकेज टाकलं, युलिमिट दिलं, प्रोग्राम चालवला, तोच नकाशा उघडला, धाडकन बंद. यादीत त्याची ओळ आली, सिगसेगव्ही (तोच सिग्नल ११), प्रेझेंट. मग कोअरडम्पसीटीएल डीबग म्हटलं की जीडीबी हे डीबगर टूल उघडतं. उघडताना ते विचारतं की डीबगइन्फोडी चालू करू का, हो म्हणायचं, म्हणजे सिस्टमच्या लायब्ररींचे सिम्बॉल्स (फंक्शनची नावं वगैरे) नेटवरून आपोआप येतात, अलीकडच्या उबुंटूमध्ये ही सोय आहे. पूर्वी डीबग सिम्बॉल्सची पॅकेजेस शोधून टाकण्यात अर्धा दिवस जायचा. ही सोय ज्यांनी केली त्यांचे मी मनापासून आभार मानते.

बीटी, म्हणजे बॅकट्रेसची कमांड, दिली. पहिल्या फ्रेममध्ये, म्हणजे यादीच्या पहिल्या पायरीवर, जीलिबसी या सिस्टमच्या लायब्ररीचं मेमरी कॉपी करणारं मेममूव्ह, तिथे काही चूक असण्याची शक्यता नसतेच, त्याला वाईट पत्ता दिला म्हणून ते मेलं. कुठे लिहायचं तो पत्ता शून्य होता. दुसऱ्या फ्रेमपासून नुसती प्रश्नचिन्हं. याचा अर्थ प्रोग्राममधून डीबग माहिती आणि सिम्बॉल्स दोन्ही काढून टाकलेली (स्ट्रिप केलेली) होती. मग -जी देऊन, स्ट्रिप न करता परत कंपाइल करायला सांगितलं. इथे एक काळजी घ्यावी लागते, जुना डम्प नव्या बायनरीला (कंपाइल झालेल्या प्रोग्रामला) लावायचा नाही, पत्ते जुळत नाहीत आणि बॅकट्रेस खोटा येतो, दिसतो मात्र अगदी खरा. नवी बायनरी, नवा क्रॅश, नवा डम्प.

आता बीटी फुल दिल्यावर सगळं समोर आलं. दुसऱ्या फ्रेममध्ये इमेज तीन बाइटवरून चार बाइटवर नेणारं फंक्शन होतं, म्हणजे लाल हिरवा निळा याला पारदर्शकतेचा चौथा बाइट जोडायचा. रुंदी २६,४००, उंची २१,६००, बरोबर आहे, २२ बाय १८ इंचाचा नकाशा १२०० डीपीआयने स्कॅन केलेला. आणि त्याच्याखाली बफरची साइज, उणे २,०१,४०,०७,२९६.

उणे! गुणाकार करून बघा. २६,४०० गुणिले २१,६०० गुणिले ४ म्हणजे २,२८,०९,६०,०००. ३२ बिटच्या साध्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आकडा त्याच्यावर गेला आणि उलटून उणे झाला. ती उणे साइज मेमरी मागताना ६४ बिटमध्ये जाऊन एवढी प्रचंड झाली की मेमरी देणाऱ्या मॅलॉक फंक्शनने नकार दिला, शून्य पत्ता परत केला, तो शून्य कोणी तपासला नाही आणि पुढची कॉपी थेट त्या शून्यावर सुरू झाली. आणि मूळची तीन बाइटवाली इमेज १,७१,०७,२०,००० बाइटची, ती मर्यादेत बसते, म्हणून नकाशा उघडेपर्यंत सगळं सुरळीत आणि मग मरण. लहान नकाशांना का काही होत नव्हतं तेही लगेच कळलं. डम्प हातात नसता तर आपण रॅम कमी पडतेय, स्कॅनर खराब फाइल देतोय, ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडलाय, असं काय काय धरून बसलो असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्र म्हणाला, "मग ती फाइल ड्राइव्हवर टाकतो आणि लिंक पाठवतो डेव्हलपरला." मी म्हटलं, "अजिबात नाही, फक्त बॅकट्रेस पाठव, आणि तोही एकदा वाचून." कोअर डम्प म्हणजे प्रोग्रामची मेमरी जशीच्या तशी. त्यात उघडलेलं डॉक्युमेंट असतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स असतात आणि त्यात कोणी टोकन ठेवलेलं असेल तर तेही असतं, ब्राउझर किंवा मेल प्रोग्राम असेल तर पासवर्डसुद्धा. हे पुस्तकी भय नाही. मे २०२५ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी अपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडम्प या दोन्हींतल्या चुका जाहीर केल्या, त्यांचे नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-५०५४ आणि सीव्हीई-२०२५-४५९८. पासवर्ड तपासणारा युनिक्स_चेकपीडब्ल्यूडी नावाचा छोटा प्रोग्राम जास्त अधिकारांनी चालतो, तो मुद्दाम क्रॅश करायचा आणि हँडलर त्या मेलेल्या प्रोसेसची माहिती गोळा करतोय तेवढ्या क्षणात त्याच प्रोसेस आयडीवर दुसरी प्रोसेस आणून बसवायची, म्हणजे हँडलर फसतो, आणि डम्पमधून /इटीसी/शॅडो मधले पासवर्डचे हॅश साध्या युजरच्या हाती लागू शकतात, हे त्यांनी करून दाखवलं. अपडेट आलेले आहेत, ते टाकलेच पाहिजेत. लगेच टाकता येत नसतील तर /प्रॉक/सिस/एफएस/सुइड_डम्पेबल मध्ये शून्य लिहायचं, मग अशा जास्त अधिकारांच्या प्रोग्रामचे डम्पच निघत नाहीत. त्यांच्या क्रॅशचं निदान तेवढ्यापुरतं करता येणार नाही, पण घरच्या किंवा ऑफिसच्या डेस्कटॉपवर ते चालण्यासारखं आहे.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात, तिथे हे काम विंडोज एरर रिपोर्टिंग करतं. प्रोग्रामचा डम्प आपल्याकडेच ठेवायची सोय व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे पण ती मुळात बंद असते, रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगच्या खाली लोकलडम्प्स नावाची की करावी लागते. त्यात डम्पटाइप २ दिलं तर पूर्ण डम्प, १ दिलं तर छोटा, आणि काही सांगितलं नाही तर शेवटचे १० डम्प लोकल ॲपडेटामधल्या क्रॅशडम्प्स फोल्डरमध्ये राहतात. तिथेही पूर्ण डम्प कोणाला पाठवायचा याचा विचार तसाच करायचा.

मित्राने बॅकट्रेस पाठवला, सोबत आकड्यांचा गुणाकारही लिहून दिला. डेव्हलपरने साइजचं व्हेरिएबल ६४ बिटचं केलं, मॅलॉकचं उत्तर तपासायची ओळ टाकली, आणि तसाच गुणाकार अजून दोन फंक्शनमध्ये होता तोही सुधारला. नवी बायनरी टाकून तो नकाशा उघडला, सरळ झाला, सेव्ह झाला. नंतर मी त्याला /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्प मधले डम्प काढून टाकायला लावले आणि मॅक्सयूज ५ जीबीवर आणून ठेवायला सांगितलं. हँडलर मात्र तोच राहू दिलाय.